पंचगंगेतील रसायने टिकतात किती, साठतात किती, हेही मोजा

विषय : नदीच्या तपासणीत रसायनांचा चिवटपणा, जैवसंचय आणि विषारीपणा यांचा समावेश व्हावा.

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पंचगंगेच्या बातम्यांना एक ठरलेला क्रम येतो. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच दिसतो, काठच्या गावांत दुर्गंधी सुटते, कार्यकर्ते अधिकाऱ्यांना धारेवर धरतात, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने नेले जातात आणि काही दिवसांनी बीओडी इतका, सीओडी तितका, असा अहवाल छापून येतो. आपल्या दैनिकाने हा विषय नेटाने लावून धरला आहे, याबद्दल आपले आभार मानूनच हे पत्र लिहीत आहे. माझा आक्षेप बातमीला नाही. बीओडी आणि सीओडीचे आकडे आले की सगळे प्रश्न विचारून झाले असे आपण सारेच धरून चालतो, त्याला आहे. एखादे रसायन नदीत किती काळ टिकते, सजीवांच्या अंगात किती साठते आणि साठल्यावर काय करते, हे तीन प्रश्न त्या अहवालाच्या कक्षेतच येत नाहीत.

आधी त्या अहवालात काय असते ते पाहू. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात याचे माप. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सियसला तीन दिवस चालते. सीओडी म्हणजे जिवाणूंऐवजी तीव्र रसायनाने घाणीचे ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागतो याचे माप. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम बीओडी आणि २५० मिलिग्रॅम सीओडी अशी आहे. त्याच नियमांत माशांची एक चाचणीही आहे. पातळ न केलेल्या सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यांतले ९० टक्के जगले पाहिजेत. कोल्हापूर शहराच्या जयंती नाल्यातून येणारे मैलापाणी किंवा साखर कारखान्यांची आणि आसवन्यांची मळी यांच्यासाठी ही मापे अगदी योग्य आहेत, कारण या घाणीचा मुख्य उपद्रव ऑक्सिजन संपवण्याचाच असतो. तेरवाडला तडफडून वर येणारे मासेही बहुधा गुदमरूनच मरतात. ज्या रसायनाला जिवाणू तोंडच लावत नाहीत, ते मात्र तीन दिवसांच्या बीओडीत जवळजवळ शून्य भरते. ज्याचा परिणाम माशाच्या पुढच्या पिढीवर होतो, ते ९६ तासांच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होते. मेलेल्या माशाची बातमी होते; जिवंत मासा गळाला लागून बाजारात जातो, आणि त्याच्या चरबीत काय आहे हे पाहण्याची कुणावर सक्ती नाही.

निर्यात होणाऱ्या रसायनांची सुरक्षा-माहितीपत्रके तयार करण्याचे काम मी करते, त्यामुळे या तीन प्रश्नांशी माझा रोजचा संबंध आहे. युरोपीय संघाचा ‘रीच’ हा कायदा २००७ साली लागू झाला आणि त्याच्या तेराव्या परिशिष्टात या मूल्यमापनाचे निकष आकड्यांत दिलेले आहेत. गोड्या पाण्यात रसायनाचे अर्धायुष्य ४० दिवसांपेक्षा, नदीच्या गाळात १२० दिवसांपेक्षा किंवा जमिनीत १२० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर ते चिवट ठरते. पाण्यात ६० दिवस आणि गाळात किंवा जमिनीत १८० दिवस ओलांडले, तर ते अतिचिवट. माशाच्या अंगातले प्रमाण सभोवतालच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या २००० पटींपेक्षा जास्त झाले, तर ते साठणारे आणि ५००० पटींच्या वर गेले, तर अति साठणारे. दीर्घ मुदतीच्या चाचणीत जलचरांवर ज्या प्रमाणापर्यंत काहीच परिणाम दिसत नाही ते प्रमाण लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, किंवा कर्करोग, जनुकीय बदल, प्रजननातील दोष घडवणारे असे त्याचे अधिकृत वर्गीकरण झालेले असेल, तर ते विषारी. तिन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या की रसायन काळ्या यादीच्या वाटेला लागते.

यातली पहिली अट, म्हणजे चिवटपणा, कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, आणि त्याचे कारण आपल्या नदीवरच उभे आहे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे पंचगंगेवर आहेत. पावसाळा ओसरला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढले जातात. मधले कित्येक महिने नदी वाहते म्हणायचे ते कागदावर. प्रत्यक्षात एका फुगवट्यातून दुसऱ्या फुगवट्यात पाणी हळूहळू सरकत असते आणि पाण्यातला बारीक गाळ तळाशी बसत असतो. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या या प्रवासाला पावसाळ्यात जेवढा वेळ लागतो, तेवढाच एप्रिलमध्येही लागतो असे समजून केलेला कोणताही हिशेब चुकणारच.

अर्धायुष्य म्हणजे रसायन निम्मे होण्यास लागणारा काळ, हे शाळेत शिकवतात. पण रोज नवी भर पडत राहिली तर काय होते, ते सहसा कुणी सांगत नाही. रोज एक तांब्या पाणी ओतत राहिलेल्या गळक्या रांजणात पाणी कुठवर चढेल, हे भोक किती मोठे आहे त्यावर ठरते. इथे अर्धायुष्य म्हणजे ते भोक. तीन दिवसांत निम्मे होणारे रसायन रोज सारख्या प्रमाणात येत राहिले, तर त्याचा साठा सुमारे सव्वाचार दिवसांच्या आवकेइतका होऊन थांबतो. अर्धायुष्य ४० दिवसांचे असेल, तर तोच साठा ५८ दिवसांच्या आवकेइतका होतो आणि १८० दिवसांचे असेल, तर २६० दिवसांच्या. आवक पूर्ण बंद केल्यानंतर साठा एक टक्क्यावर यायला ४० दिवसांच्या रसायनाला जवळजवळ नऊ महिने लागतात आणि १८० दिवसांच्या रसायनाला सव्वातीन वर्षे. वाहून जाणारे पाणी या हिशेबात धरलेले नाही, हे खरे. पण तळाचा गाळ पाण्यासारखा वाहून जात नाही, आणि ही रसायने बहुतेक गाळालाच चिकटतात. त्या गाळाला पाय फुटतात ते महापुरात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोळ तालुक्यातील किती शेतांत नदीचा गाळ येऊन बसला, हे तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. नदीच्या तळाशी असलेला प्रश्न तिथून जमिनीचा प्रश्न होतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. युरोपातल्या चाचण्यांचे निकाल १२ अंश सेल्सियस तापमानाला धरून मांडले जातात. आपल्याकडे पाणी २५-३० अंशांचे, त्यामुळे इथे विघटन झपाट्याने होणार, मग त्यांचे आकडे आम्हाला कशाला? आक्षेपात तथ्य आहे. १२ ऐवजी २० अंश तापमान धरले तरी विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, असे तिथली मार्गदर्शिकाच सांगते. परंतु ही सवलत विघटन मुळात होत असेल तरच मिळते. काही रसायनांत असलेला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध आपल्या उन्हाळ्याने तुटत नाही. शिवाय बंधाऱ्यामागच्या काळ्या गाळात काही मिलिमीटर खाली ऑक्सिजन उरत नाही, आणि ऑक्सिजन असताना झटकन विघटित होणारी कितीतरी रसायने त्याच्याविना महिनोन् महिने तशीच पडून राहतात. प्रयोगशाळेत मोजतानाही एक मेख असते. गाळात घट्ट बसलेला अंश द्रावकाने सुटून येत नाही. तो विघटित झाला म्हणायचे की लपला म्हणायचे, यावर दोन जाणकारांचे एकमत होईलच असे नाही. माझ्या मते, विघटन सिद्ध झाले नसेल तर तो अंश शिल्लक आहे असेच धरावे.

दुसरा प्रश्न साठण्याचा. याची प्राथमिक चाळणी फार सोपी आहे. ऑक्टॅनॉल नावाचा तेलकट द्रव आणि पाणी एकत्र हलवले, तर रसायन कोणाकडे जाते ते पाहायचे. ऑक्टॅनॉलमध्ये ते पाण्यापेक्षा सुमारे ३१ हजार ६०० पट किंवा त्याहून जास्त गेले, म्हणजे या गुणोत्तराचा लॉगॅरिदम ४.५ च्या वर गेला, की संशय घ्यायचा. पुढची चाचणी माशांवर होते. काही आठवडे रसायन मिसळलेल्या पाण्यात मासे ठेवतात, नंतर स्वच्छ पाण्यात सोडतात आणि अंगात शिरण्याचा व बाहेर पडण्याचा वेग मोजतात. चरबी कमी-जास्त असलेल्या माशांची तुलना व्हावी म्हणून निकाल पाच टक्के चरबीला धरून मांडतात, आणि चाचणीच्या काळात मासा वाढला तर त्या वाढीमुळे प्रमाण घटल्यासारखे दिसते, तेही दुरुस्त करतात. पाण्यात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या अनेक पद्धतींना जेमतेम दिसेल एवढे रसायन असेल आणि पटींचा आकडा ५००० असेल, तर माशाच्या किलोमागे ते अर्धा मिलिग्रॅम भरते. ‘पाण्यात आढळले नाही’ असा शेरा असलेल्या नदीतली मरळ तपासली, तर तीत ते आढळू शकते, ते यामुळे.

मात्र केवळ माशावरून ठरवायला गेले, तर फसगत होते. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात काही रसायने सोडून देऊ शकतो; हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला ती सोय नाही. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना बीएचसी ही कीटकनाशक पावडर चांगली आठवत असेल. तिच्यातला बीटा हा प्रकार माशापेक्षा गुरे आणि माणसे यांच्या चरबीत चिवटपणे बसतो आणि दुधातूनही उतरतो. भारतात बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, आणि तिचे अल्फा व बीटा प्रकार तसेच लिंडेन, म्हणजे तिचाच गॅमा प्रकार, २००९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट सेंद्रिय प्रदूषकांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेले. पीएफओएस या फ्लोरिनयुक्त रसायनाची गोष्ट आणखी निराळी. ते चरबीत जातच नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटते, त्यामुळे ऑक्टॅनॉलची चाळणी त्याला लावणेच निरर्थक ठरते. तेही २००९ मध्येच त्या यादीत आले. दुधाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी माशांपुरते पाहून थांबू नये, ते यासाठी.

विषारीपणाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिन्हींत लोकांना समजलेला प्रश्न हाच आहे. फक्त एवढे सांगते, की इथे किती मासे मेले हे पाहत नाहीत. डॅफ्निया नावाच्या पाण्यातल्या बारीक जीवाला २१ दिवसांत पिल्ले किती झाली, माशाच्या अंड्यातून निघालेली पिल्ले वाढली की खुरटली, हे पाहतात. अतिचिवट आणि अति साठणारे रसायन असेल, तर युरोपीय कायदा विषारीपणाचा पुरावा मागतच नाही. ते पर्यावरणात पसरल्यावर विषारी निघाले तर परत गोळा करता येणार नाही, एवढे कारण त्याला पुरेसे वाटते, आणि मला ते पटते.

आता आपल्या भागाकडे येऊ. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमध्ये कापडाला मऊपणा आणण्यासाठी सिलिकॉन सॉफ्टनर वापरतात. हे सॉफ्टनर ज्या कच्च्या मालापासून बनते त्या चक्राकार सिलोक्झेनचे, म्हणजे डी-४, डी-५ आणि डी-६ यांचे, काही अंश त्यात उरतात. हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेने २०१८ साली या तिन्हींना अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत घातले. एखाद्या मालात यांचा ०.१ टक्का अंश असला तरी तो जाहीर करावा लागतो. पण याच डी-५ बद्दल कॅनडात नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाने २०११ साली उलटा निर्णय दिला होता. मंडळाचे म्हणणे असे, की डी-५ माशात साठते हे खरे, परंतु अन्नसाखळीत वरवर जाताना त्याचे प्रमाण वाढत नाही, आणि ते पाण्यातून उडून हवेत जाऊन तिथे विघटित होते. तेव्हा पर्यावरणाला त्यापासून धोका नाही. युरोपने गाळातले अर्धायुष्य आणि माशातल्या पटी पाहिल्या. कॅनडाने प्रत्यक्ष पर्यावरणात त्याचे पुढे काय होते त्याला वजन दिले. रसायन एकच, प्रयोगांचे आकडेही बरेचसे तेच, आणि निकाल दोन. असे मूल्यमापन म्हणजे आकडा मर्यादेपेक्षा वर की खाली एवढे पाहून शिक्का मारणे नसते. कोणता प्रयोग विश्वासार्ह, कोणता सदोष, कोणत्या परिस्थितीत केलेला, असा सगळा पुरावा एकत्र ठेवून तोलावा लागतो. आमच्या बंधाऱ्यांच्या बाबतीत मी युरोपची बाजू घेईन, कारण गाळाला चिकटलेले डी-५ हवेत उडत नाही.

त्याच प्रोसेस हाऊसमध्ये कापड भिजवण्याच्या आणि धुण्याच्या रसायनांत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असते. ते स्वतः फार टिकत नाही. पण सांडपाणी प्रकल्पात त्याची शेपटी तुटत जाते आणि मागे नोनिलफिनॉल उरते, जे मूळ रसायनापेक्षा चिवट, जास्त विषारी आणि माशांत स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे असते. एंडोसल्फानचेही असेच होते; त्यापासून तयार होणारे सल्फेट मूळ कीटकनाशकापेक्षा जास्त टिकते. म्हणून डब्यावर नाव असलेल्या रसायनाबरोबर त्याच्या तुकड्यांचेही मूल्यमापन करावे लागते. धुतल्या जाणाऱ्या कापडात हे इथॉक्सिलेट ०.०१ टक्क्याहून जास्त नसावे, असा नियम युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. त्यामुळे निर्यातीच्या मालाला ‘एपीईओ फ्री’, म्हणजे या कुळातली इथॉक्सिलेट नसलेले, रसायन आणि देशी मालाला स्वस्तातले जुनेच, असा दुहेरी कारभार या धंद्यात चालतो. सांडपाण्याच्या पाइपात दोन्ही माल एकच होतात.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत लेथ आणि सीएनसी यंत्रांवर जे कटिंग ऑइल लागते, त्यातल्या जड कामाच्या प्रकारांत क्लोरिनेटेड पॅराफिन घालण्याची पद्धत आहे. बाजारात ते सीपीडब्ल्यू या नावाने मिळते. आखूड साखळीची क्लोरिनेटेड पॅराफिन २०१७ मध्ये आणि मध्यम साखळीची २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेली. हे एक रसायन नसून हजारो रेणूंचे मिश्रण असते, त्यामुळे सबंध मिश्रणाचे अर्धायुष्य काढणे व्यर्थ असते; त्यातला सर्वांत चिवट भाग शोधून त्यावर निर्णय घ्यावा लागतो. अशा तेलाच्या एका ड्रमसोबत आलेले माहितीपत्रक मी अलीकडेच पाहिले. त्याचा बारावा विभाग पर्यावरणाचा असतो. जलचरांवरील परिणाम, टिकाऊपणा, जैवसंचय, जमिनीतील वहन आणि शेवटी तिन्ही निकषांचा निकाल, अशा त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच छापलेले होते. आग लागली तर काय करावे, डोळ्यांत उडाले तर काय करावे, याची मात्र सविस्तर माहिती होती. कारखान्याच्या पर्यावरण विभागातल्या तरुणाला मी विचारले, तेव्हा त्याने ‘म्हणजे तसा धोका नाही’ असा अर्थ सांगितला. तो प्रामाणिकपणे सांगत होता. न केलेल्या चाचणीचा निकाल अनुकूल आहे असे समजण्याची सवय आपल्या व्यवस्थेनेच त्याला लावली आहे.

सामायिक सांडपाणी प्रकल्प उभारले की हा प्रश्न सुटेल, असे पुष्कळांना वाटते. बीओडीपुरते ते खरे आहे. तेलाकडे ओढा असलेली रसायने मात्र प्रकल्पात नष्ट न होता तिथल्या गाळाला चिकटतात. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसते आणि रसायन गाळाच्या ढिगात जाते. त्या ढिगाचे पुढे काय होते याची नोंद पाण्याच्या अहवालात नसते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे मुळीच नाही. भोपाळनंतर, १९८९ साली, घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम झाले. पण त्यांचा रोख आग, स्फोट आणि तत्काळ विषबाधा यांवर आहे. कीटकनाशकांना १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिच्यासाठी अवशेषांची, जमिनीतल्या टिकाऊपणाची माहिती द्यावी लागते; सॉफ्टनरला किंवा कटिंग ऑइलला असे काही लागत नाही. स्टॉकहोम कराराला भारताने २००६ च्या जानेवारीत मान्यता दिली आणि २०१८ च्या नियमांनी सात चिवट रसायनांवर बंदी घातली. रीचच्या धर्तीवर सर्व औद्योगिक रसायनांची नोंदणी करणाऱ्या नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे. एकेका रसायनाला आंतरराष्ट्रीय यादीत जायला किती वेळ लागतो, हे उसाच्या हुमणीसाठी आपले शेतकरी ज्याची आळवणी करतात त्या क्लोरपायरीफॉसवरून दिसते. त्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये आला आणि काही वापरांना सवलती ठेवून त्याचा समावेश २०२५ मध्ये झाला. तोवरचे सगळे हंगाम त्याच जमिनीत गेले.

हे निकष सर्वज्ञ आहेत, असेही मी म्हणणार नाही. पूर्वी गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक या कसोटीवर निर्दोष सुटले असते, कारण ते फार टिकत नाही आणि साठतही नाही. तरीही ते दिल्यावर लवकरच मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही जाती जवळजवळ नामशेष झाल्या. कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. नोनिलफिनॉलही या तिन्ही कसोट्यांच्या आकड्यांवर नव्हे, संप्रेरकांवरील परिणामामुळे युरोपच्या यादीत गेले. कोणत्या रसायनांकडे आधी पाहावे आणि मर्यादित पैशांत कोणते नमुने आधी तपासावेत, हे ठरवायला मात्र या तीन प्रश्नांइतके उपयोगी साधन माझ्या माहितीत नाही.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे. संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी कारखान्याकडून वापरात असलेल्या रसायनांची यादी नुसत्या व्यापारी नावांनी न घेता घटकांच्या सीएएस क्रमांकांसह, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकांसह, घ्यावी आणि माहितीपत्रकाचा बारावा विभाग कोरा असेल, तर ती अर्जातील त्रुटी समजावी. त्या यादीतील प्रत्येक घटकाचे प्रयोग इथे नव्याने करण्याची गरज नाही. रीचखाली नोंदलेल्या रसायनांची माहिती सर्वांना पाहता येते आणि एखादा रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी काही आठवड्यांत तिची चाळणी करू शकेल. शिवाजी विद्यापीठाच्या विभागांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. चाळणीतून संशयित म्हणून उरतील तेवढ्याच रसायनांसाठी पैसे खर्च करावेत.

नमुने घेताना पाण्याआधी गाळ घ्यावा. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूचा, रुईचा आणि तेरवाडचा गाळ मे महिन्यात, बरगे काढण्याआधी घेतला, तर सबंध हंगामाची बेरीज हाती लागेल. पहिल्या पावसानंतर घेतला, तर ती वाहून गेलेली असेल. त्याच ठिकाणचे जिवंत मासे, शक्यतो तळाशी राहणारे आणि दुसरे मासे खाणारे असे दोन्ही प्रकारचे, चरबीच्या टक्केवारीसह तपासावेत. आणि निकाल जाहीर करताना ‘आढळले नाही’ एवढेच न लिहिता, त्या उपकरणाला कमीत कमी किती प्रमाण दिसू शकते तो आकडाही शेजारी छापावा. लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंतच पाहू शकणाऱ्या पद्धतीने, लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमला माशात साठणारे रसायन आढळणार नाही, हे वाचकांना तो आकडा पाहूनच कळेल. प्रशासनाने असा आकडा दिला नाही, तर आपल्या वार्ताहरांनी तो मागून घ्यावा, ही विनंती आपल्यालाही आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
कोल्हापूर